सायकल चालवा, पण रस्त्यावरचा राग घरी आणू नका

काही महिन्यांपूर्वी बावन्न वर्षांचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. कचेरीत बैठे काम, पोट सुटलेले, साखर वाढलेली आणि रक्तदाबही थोडा वर. गोळ्या सुरू केल्या आणि सोबत सांगितले, "घर ते कचेरी सहा-सात किलोमीटर आहे. आठवड्यातून पाच दिवस सायकलने जा." गृहस्थ उत्साही होते. माळ्यावरची जुनी सायकल उतरवली, टायर-ट्यूब बदलून घेतले आणि सुरुवात केली. पंधरा दिवसांनी आले ते चेहरा पाडून. मला वाटले, गुडघे दुखत असतील. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पायाची काही तक्रार नाही. लोकांचं काय करू ते सांगा."

आदल्या दिवशी मागून आलेल्या एका कारवाल्याने कानाशी कर्कश हॉर्न वाजवला, काच खाली केली आणि म्हणाला, "काहून मधात येऊन राहिले बे? मरायचं आहे का?" वयाने मुलासारखा पोरगा. यांनीही तोंडाला येईल ते सुनावले. तो गाडी आडवी घालून उतरला. चार लोक जमले, त्यातले दोघे हसत होते. हातघाईवर आले नाही एवढेच. कचेरीत पोचल्यावर तासभर हात थरथरत होते आणि रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सायकल पुन्हा माळ्यावर गेली.

वाचकहो, सायकल सुरू करून सोडून देणाऱ्या माणसांना मी नेहमी कारण विचारतो. गुडघा आणि कंबर यांच्याइतकेच हे कारण ऐकू येते. मधुमेहाच्या रुग्णाने सायकल सोडली तर त्याची साखर पुन्हा वाढणार, मग ती आळसाने सोडलेली असो की अपमानाने. म्हणून या आठवड्यात आपण आहार आणि औषधे बाजूला ठेवून रस्त्यावरच्या रागाचा विचार करू.

सायकल सोडू नये, ती का?

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. सहा किलोमीटरवरच्या कचेरीत सायकलने जायला अर्धा तास लागतो. जाऊन-येऊन एक तास, पाच दिवसांचे 300 मिनिटे. वेगळा वेळ काढावा लागत नाही. ब्रिटनमध्ये सुमारे अडीच लाखांहून अधिक लोकांची माहिती घेऊन ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, कर्करोग आणि एकूण मृत्यूचे प्रमाण बसून प्रवास करणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. एवढे गुणकारी औषध रस्त्यावरच्या एका शिवीपायी सोडून देणे परवडणारे नाही.

समोरच्याला राग का येतो?

रागावलेल्या माणसाचे मन समजले तर आपला अर्धा राग तिथेच उतरतो. साधारणपणे तीन कारणे दिसतात.

पहिले कारण भीती. चालकाला सायकल उशिरा दिसते, तो दचकतो, ब्रेक दाबतो. दचकलेला माणूस पुढच्याच क्षणी रागावतो. बरेचदा तो ओरडतो ते स्वतःच्याच घाबरण्यावर.

दुसरे कारण घाई. आपल्यामुळे त्याचे पाच सेकंद गेलेले असतात आणि पुढच्या सिग्नलवर आपण दोघेही शेजारी उभे असतो. पण घाईत असलेल्याला हा हिशेब दिसत नाही.

तिसरे कारण खोलवरचे आहे. एके काळी एम्प्रेस मिलचा भोंगा वाजला की रस्ता सायकलींचा होत असे. वकील, मास्तर, कारकून, मजूर सगळेच सायकलवर. पुढे ज्याला जमले त्याने स्कूटर घेतली, मग कार घेतली, आणि सायकल म्हणजे ज्याला दुसरे काही परवडत नाही त्याचे वाहन असा समज पक्का झाला. अशा वाहनावरच्या माणसाला 'बाजूला हो' म्हणायला कुणाला संकोच वाटत नाही. हा प्रकार आपल्याकडेच आहे असे नाही. ऑस्ट्रेलियात 2019 साली झालेल्या एका छोट्या पाहणीत सायकल न चालवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी सायकलस्वारांना 'पूर्ण माणूस' या पायरीच्या खालचे गुण दिले. आणि ज्यांनी असे कमी गुण दिले, त्यांनीच सायकलस्वारांना त्रास दिल्याची कबुली अधिक दिली.

हा समज खोटा आहे हे आपल्याच शहराने दाखवून दिले आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4,800 किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली आणि 2018 साली मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही 9,000 किलोमीटरहून अधिक अंतराची शर्यतही पार केली. त्याआधी 2015 साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेची तीच शर्यत जोडीने पूर्ण केली होती. तिघेही डॉक्टर. सायकल ही त्यांची निवड होती, आणि ती तुमचीही निवड आहे. हे मनाशी पक्के असले की 'परवडत नाही वाटते?' हा टोमणा लागत नाही.

रागाने शरीरात काय होते?

कुणी अंगावर ओरडले की मेंदू त्याला हल्ला समजतो. अॅड्रिनॅलिन रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, स्नायू ताठ होतात. शरीर भांडायला किंवा पळायला सज्ज होते. त्याच वेळी लक्ष त्या एका माणसावर खिळते आणि बाजूची रिक्षा, समोरचा खड्डा, उघडणारा कारचा दरवाजा दिसेनासा होतो. हाताची पकड घट्ट झाल्याने हँडलवरचा ताबाही बिघडतो. म्हणून रागाच्या पहिल्या मिनिटात धोका त्या माणसाकडून असतो, तसाच आपल्या स्वतःकडूनही असतो.

अमेरिकेत 280 निरोगी प्रौढांवर केलेला एक प्रयोग 2024 साली प्रसिद्ध झाला. राग आलेला जुना प्रसंग काही जणांना फक्त आठ मिनिटे आठवायला लावला. त्यानंतर त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता तात्पुरती घटली आणि हा परिणाम चाळीस मिनिटांपर्यंत टिकला. म्हणजे प्रसंग संपल्यावरही तो घोळवत बसणे हृदयाला महागात पडते. ज्यांना आधीच रक्तदाब किंवा हृदयविकार आहे, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. भांडणानंतर छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, धाप असे काही जाणवल्यास सायकल तिथेच थांबवावी, पुढे दामटू नये आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

भांडण होण्याआधीच टाळावे

1) रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवू नये. आपल्या सिमेंट रस्त्यांची कड आणि बाजूचे गट्टू यांच्यात फट किंवा पायरी असते. त्यात चाक अडकले तर आपण गाड्यांच्याच बाजूला पडतो. कडेपासून साधारण एक मीटर आत, सरळ रेषेत चालवावे. कडेला घुसायचे आणि पुन्हा बाहेर यायचे, ही नागमोडी चाल चालकांना सर्वांत जास्त दचकवते.

2) धरमपेठ, सीताबर्डी, इतवारी यांसारख्या भागांत कडेला उभ्या असलेल्या कारच्या रांगेपासूनही एक मीटर दूर राहावे. दरवाजा केव्हा उघडेल सांगता येत नाही.

3) वळण्याआधी मागे पाहावे, हात दाखवावा, मगच वळावे. मागच्या चालकाची नजर एकदा आपल्या नजरेला भिडली की त्याची वागणूक बहुधा बदलते. पाठीमागून येणारी गोष्ट त्याला 'सायकल' वाटते, वळलेला चेहरा माणसाचा असतो.

4) उलट्या दिशेने जाऊ नये, सिग्नल तोडू नये, कानात गाणी लावू नयेत. अंधार पडल्यावर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, अंगात फिका कपडा आणि डोक्यावर हेल्मेट असावे. आपली बाजू स्वच्छ असली तर मनही शांत राहते.

5) रस्ता निवडावा. वर्धा रोडवर उड्डाणपुलाच्या खांबांशेजारून ट्रक आणि 'आपली बस' यांच्यात घुसण्यापेक्षा आतल्या वस्तीच्या रस्त्याने पाच मिनिटे जास्त लागलेली बरी. सिव्हिल लाइन्स आणि सेमिनरी हिल्सकडचे झाडांचे रस्ते सकाळी शांत असतात.

6) एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठच्या आत पोचता येईल असे पाहावे. आपल्या उन्हात पारा 45 अंशांकडे गेला की माणसांची डोकीही तापतात, त्यांची आणि आपलीही.

प्रसंग आलाच तर

हॉर्न वाजवून कुणी मागे लागला, तर घाबरून कडेला झेप घेऊ नये. सरळ चालत राहावे आणि सोयीची जागा मिळाली की हळूच बाजू द्यावी. बाजू देण्यात हार नाही. हात वर करून 'या पुढे' अशी खूण केली की बहुतेक चालक निवळतात.

कुणी ओरडलाच, तर पुढील चार गोष्टी कराव्यात.

एक, जीभ आवरावी. शिवीला शिवी, हाताचे हावभाव, गाडीवर थाप मारणे हे कटाक्षाने टाळावे. दीड टनाची गाडी त्याच्याकडे आहे, पंधरा किलोची सायकल आपल्याकडे. रागाच्या भरात त्याने स्टिअरिंग थोडे जरी फिरवले तरी नुकसान आपलेच होते.

दोन, श्वास. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत सावकाश सोडावा. असे पाच-सहा वेळा करावे. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके उतरतात. हँडलवरची बोटे आणि खांदे मुद्दाम सैल सोडावेत.

तीन, अंतर. तो पुढे गेला तर जाऊ द्यावे, पाठलाग करू नये. तो मुद्दाम हळू करून सोबत चालू लागला, तर आपण थांबावे. थांबताना निर्जन जागा नको. पानठेला, औषधाचे दुकान, पेट्रोल पंप, चौकातला पोलीस यांच्याजवळ थांबावे.

चार, क्रमांक. वाहनाचा नंबर मोठ्याने दोनदा म्हणावा. आपल्याकडे सुरुवातीला बहुधा एमएच 31, 40 किंवा 49 असते; शेवटचे चार आकडे आणि गाडीचा रंग लक्षात राहिला तरी पुष्कळ आहे. सुरक्षित जागी पोचल्यावर लिहून ठेवावा.

बोलणे भागच पडले, तर आवाज खाली ठेवून एकच वाक्य बोलावे. "भाऊ, तुमची गाडी फार जवळून गेली, मी पडलो असतो." 'तुम्हाला गाडी चालवता येत नाही' असे म्हटले की भांडण सुरू होते, 'मी पडलो असतो' असे म्हटले की बरेचदा समोरचा गप्प होतो. वयाने लहान असेल तरी अरे-तुरे करू नये. एवढे बोलून निघून जावे. उत्तराची वाट पाहू नये.

बघे आणि टवाळखोर

रस्त्याच्या कडेला उभे राहून टोमणे मारणारे, पोराटोरांची टोळी, धुळवडीच्या आधी पाण्याचे फुगे मारणारे हा वेगळा वर्ग आहे. चालकाला निदान आपली अडचण झालेली असते, यांना केवळ मजा हवी असते. आपण चिडलो की ती त्यांना मिळते. म्हणून नजर समोर, वेग तोच, आणि उत्तर नाही. तेच टोळके रोज एकाच ठिकाणी भेटत असेल, तर आठ दिवस रस्ता बदलावा. मुले वस्तीतलीच असतील, तर एखाद्या संध्याकाळी सायकलवरून उतरून त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांशी शांतपणे बोलावे. रोज जाणारा 'सायकलवाला' त्यांना नावाने ओळखीचा झाला की त्रास बहुधा थांबतो. धुळवडीच्या सकाळी आणि संक्रांतीच्या ऐन दोन-तीन दिवसांत मात्र सायकल घरीच ठेवलेली बरी. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली देशभर बंदी घातली असली, तरी तो अजून गळे कापतो.

मुली आणि स्त्रियांना होणारा त्रास टवाळीच्या पलीकडचा असतो. अश्लील शेरे, पाठलाग, ओढणी ओढणे, मोटारसायकल घासून नेणे. येथे 'दुर्लक्ष कर' एवढाच सल्ला देऊन चालणार नाही. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली आहे. तिच्या कलम 79 नुसार स्त्रीचा विनयभंग होईल असे बोलणे वा हावभाव करणे आणि कलम 78 नुसार पाठलाग करणे हे गुन्हे आहेत. 112 क्रमांकावर फोन करावा, घरी आणि शाळेत सांगावे.

पालकांना एक कळकळीची विनंती. मुलीने असा प्रकार घरी सांगितला की पुष्कळ घरांत पहिला निर्णय होतो तो तिची सायकल बंद करण्याचा. मग ती पुढच्या वेळी सांगतच नाही. मानव विकास कार्यक्रमातून शासन गावोगावच्या मुलींना शाळेसाठी सायकली देते, कारण सायकल गेली की अनेकींची शाळाही जाते. तिच्यासोबत चार दिवस स्वतः जावे, दोन-तीन मैत्रिणींना एकत्र जाऊ द्यावे, तक्रार करावी. पण सायकल काढून घेऊ नये.

कायदा काय म्हणतो?

सायकलस्वाराला रस्त्यावर जागा आहे, ती कुणाची मेहेरबानी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक वाहन चालवणे हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 194-फ नुसार विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवणाऱ्याला पहिल्या वेळी 1,000 आणि नंतर 2,000 रुपये दंड आहे. याच दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यालाही संरक्षण मिळाले. त्यामुळे पडलेल्या सायकलस्वाराला उचलताना कुणी पोलिसांच्या कटकटीला भिऊ नये. रस्ते अपघातात सापडलेल्यांसाठी मे 2025 मध्ये केंद्र सरकारने रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. तीत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचारांची तरतूद आहे.

धक्का लागून पडल्यास राग आणि भीतीच्या भरात दुखणे जाणवत नाही, हे ध्यानात ठेवावे. 'काही झालं नाही' म्हणून लगेच उठून भांडायला धावू नये. डोक्याला मार असेल आणि नंतर उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ किंवा कानानाकातून रक्त दिसले, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. पहिला दिवसभर कुणीतरी लक्ष ठेवावे.

दोन शब्द वाहनचालकांसाठी

हे सदर वाचणारे अनेक जण कार आणि मोटारसायकल चालवतात. 2022 साली आपल्या देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. जर्मनीत 2020 पासून सायकलला ओलांडून जाताना शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर सोडावे असा नियम आहे. आपल्याकडे असा ठराविक आकडा रूढ नाही, पण दीड मीटर म्हणजे साधारण एका हाताच्या दुप्पट अंतर. एवढे सोडायला जागा नसेल तर पाच सेकंद मागे थांबावे. सायकलजवळ आल्यावर कानाशी हॉर्न वाजवू नये. गरज असेल तर दुरूनच एकदा हलका वाजवावा. 2020 साली केंद्र सरकारच्या सायकल आव्हान स्पर्धेत नागपूरनेही भाग घेतला होता. रस्त्यावर पट्टा आखून सायकलला जागा मिळते ती कागदावर. खरी जागा चालकाच्या मनात मिळावी लागते.

पुन्हा ते गृहस्थ

त्यांना मी औषध बदलून दिले नाही. तीन गोष्टी सांगितल्या. मोठा रस्ता सोडून आतल्या रस्त्याने जा. हँडलला छोटा आरसा आणि घंटी लावा. आणि घरी पोचल्यावर उंबरठ्याबाहेर दोन मिनिटे थांबून सहा लांब श्वास घ्या. रस्त्यावर घडलेले तिथेच ठेवून आत जा. पत्नीला काय घडले ते एकदा जरूर सांगा, पण दहादा सांगू नका.

सायकल माळ्यावरून पुन्हा खाली आली. तीन महिन्यांनी साखर बरीच आटोक्यात होती आणि रक्तदाबही उतरला होता. "आता कुणी ओरडत नाही का?" मी विचारले. ते हसले. "ओरडतात ना. परवाच एक जण ओरडला. मी हात वर केला, म्हटलं, 'जा दादा, आधी तुम्ही जा.' पुढच्या सिग्नलवर तो माझ्या शेजारीच उभा होता. खाली मान घालून म्हणाला, 'काका, सॉरी.'"

दर वेळी 'सॉरी' ऐकू येईलच असे नाही. ते येवो न येवो, दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल बाहेर काढावी, एवढेच सांगणे.